बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. अल्टरनेटर बदलण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. राहतो रत्नागिरीत. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी, गेल्या वर्षीच नवीन टाकलेली. पावसाळा लागल्यापासून सकाळी सेल्फ कुंथत फिरतो. हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर लावून जवळच्या जवळ फिरणं झालं की पुढच्या सकाळी नुसतं कट-कट, मग धक्का. बाबांना डायलिसिसला न्यायचं असतं आणि ती वेळ चुकवून चालत नाही, म्हणून हे एकदाचं मुळापासून निस्तरायचं आहे.

बॅटरीवाला म्हणतो, "बॅटरी ओके आहे, लोड टेस्ट पास." गॅरेजवाला म्हणतो, "डायनामो गेला, बदलून टाका." डायनामो म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा. त्याने गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघू म्हटलं, ते मी करू दिलं नाही. तिसऱ्याचं मत, टेप रात्रभर करंट खातोय. तिघांपैकी कुणीही मीटर लावला नाही, म्हणून मल्टीमीटर आणून मीच मोजायला बसलो.

आधी बॅटरी. बाहेरच्या चार्जरवर फुल करून, टर्मिनल काढून रात्रभर ठेवली. सकाळी १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चार्ज धरून ठेवते.

मग रात्रीचा करंट. निगेटिव्हच्या मध्ये मीटर लावला, दारं लॉक केली आणि गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक युनिट्स झोपेपर्यंत पाऊण तास थांबलो. आकडा ३० मिलिअँपवर स्थिरावला. या हिशेबाने दिवसाला पाऊण एएचसुद्धा जात नाही. एवढ्याने ३५ एएचची बॅटरी एका रात्रीत बसणार नाही, म्हणजे टेपवर आळ घेण्यात अर्थ नाही.

खरी गंमत चार्जिंगमध्ये आहे. गाडी चालू, सगळं बंद, तर बॅटरीवर १३.९. ठीक वाटतं. हेडलाइट आणि ब्लोअर फुल केला की बॅटरीवर १३.२ वर येतं. पण त्याच वेळी अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावला तर १४.२! म्हणजे अल्टरनेटर देतोय आणि बॅटरीपर्यंत जवळजवळ एक व्होल्ट पोचतच नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी होती, ती गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ केली, नट आवळले, तरी आकडे तेच. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी चालू झाली की विझतो.

माझे प्रश्न: हा एक व्होल्ट नेमका कुठे जातोय ते कसं शोधायचं? आणि सेल्फ कुंथण्याचं कारणही तेच असू शकेल का? अल्टरनेटरला बरेच पैसे जातील, म्हणून आधी खात्री करायची आहे.

प्रतिसाद:
दादा, टर्मिनल काढू दिलं नाहीत ते फार बरं केलंत. चालू गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, कधी ईसीएमसुद्धा (इंजिनचा कंप्युटर) जातो. ही जुनी सवय अजून गॅरेजांतून गेलेली नाही.

आता मोजमाप. लोड चालू ठेवून दोन जागी मीटर लावा. एक, अल्टरनेटरचा बोल्ट ते बॅटरीचा प्लस. इथे ०.२-०.३ च्या आत असायला हवं. दोन, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. इथे ०.१-०.२ पुरे. ज्या बाजूला जास्त येईल तिकडे दोष. माझा संशय अर्थवर, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणाऱ्या केबलवर आहे, कारण सेल्फचा करंटही त्याच इंजिन-अर्थने परत येतो आणि तो शंभर अँपच्या पुढे असतो. चार्जिंगला अर्धा-पाऊण व्होल्ट खाणारा सांधा सेल्फच्या वेळी दोन-तीन व्होल्ट सहज खाईल.

पक्की खात्री हवी असेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. लोडवर बॅटरी १४ च्या आसपास गेली की विषय संपला. समुद्राजवळच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा अर्थ बोल्ट वरून नीट दिसतो आणि लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली गंजलेला असतो. केबलचा रबर सोलून बघा, तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर अख्खी केबल बदला. स्वस्तातलं काम आहे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. मोजलं. प्लसच्या बाजूला ०.१५, मायनसच्या बाजूला ०.८. जंपर लावल्याबरोबर बॅटरीवर १४ आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरला. गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढला तर लगची खालची बाजू पूर्ण हिरवी, आणि रबराच्या आत वीतभर तांबं पिठासारखं हातात येतंय. केबल बदलतोय. फक्त एवढं सांगा, २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल चालेल ना? आणि लग बसवल्यावर गंज लागू नये म्हणून इथल्या हवेत ग्रीस टिकतं की व्हॅसलीन?