मदत हवी आहे: जुन्या जीपचा सर्चलाइट दुरुस्त करावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

घरी १९७४ ची महिंद्रा सीजे-३बी आहे. पेट्रोल इंजिन, बारा व्होल्टचं वायरिंग, गोव्याचा जीडीने सुरू होणारा जुना नंबर. वाळपईच्या पुढे आमची काजूची बागायत आहे आणि तिथली चढण अजून हीच चढते. आजोबांनी विंडस्क्रीनच्या फ्रेमवर ड्रायव्हरच्या बाजूला सर्चलाइट बसवून घेतला होता. बाहेर गोल डबा, आतून हँडल, हँडल फिरवाल तसा झोत फिरतो. काजूच्या हंगामात रात्री बागेत गवे उतरतात, तेव्हा कुंपणापर्यंतचं दिसायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आता हा दिवा मिणमिणतो. बल्ब नवीन आहे, बॅटरीही ठणठणीत. हँडल डावीकडे वळवलं की मध्येच विझतो, परत आणलं की लागतो. पुढची रिंग काढून पाहिली. रिफ्लेक्टरचा मुलामा खालच्या अर्ध्या भागात उडालाय, तिथे तपकिरी डाग आहेत. होल्डरच्या पितळेवर हिरवी भुकटी जमलीय, आणि हँडलच्या नळीतून येणारी कापडी वेष्टणाची वायर वाकवली की वेष्टण हातात चुरा होऊन येतं. आपल्याकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार! मल्टिमीटरवर बॅटरीला १२.६ व्होल्ट आणि दिवा चालू असताना होल्डरवर जेमतेम ९.८.

फोंड्याच्या एका मेकॅनिकचं म्हणणं, ‘हें काडून उडय पात्रांव, एलईडी बार घाल.’ म्हणजे हा काढून टाका आणि पट्टीसारखा एलईडी दिवा घाला. बार मला नको. एक तर तो फिरत नाही, आणि त्या जीपवर दिसेलही कसा! दुसरा म्हणाला, रिफ्लेक्टरला क्रोम मारून घ्या. तर प्रश्न असे: आधी वायरिंग धरू की रिफ्लेक्टर? क्रोम चालेल का? आतला सगळा भाग बदलून डबा तेवढा जुना ठेवता येईल का? काचेचा व्यास साडेचार इंच भरतो. आणि पुढच्या पासिंगला या दिव्यावरून अडवतील का?

प्रतिसाद

आधी वायरिंग. पावणेतीन व्होल्ट वाटेत गळतायत ही मोठी गोष्ट आहे. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तरी उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. तुमचा तर निम्म्याच्याही खाली गेला असणार. रिफ्लेक्टरला उगाच बोल लावू नका.

माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर. या जीपची विंडस्क्रीन पुढे आडवी पडते, म्हणजे दिव्याचं अर्थिंग ब्रॅकेटमधून फ्रेममध्ये आणि तिथून बिजागऱ्यांतून बॉडीत जातं. बिजागऱ्यांवर रंगाचे थर आणि गंज असला की करंट अडलाच. डब्यापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर तात्पुरती धरून बघा, लगेच कळेल. मग बॅटरीजवळ रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा: त्याच्या ३० नंबरच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवा, आणि जुना स्विच ८५-८६ वर. ५५ वॉटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर खेचतो, दहाचा फ्यूज पुरे. नळीतून बारीक तारांची मऊ सिलिकॉन वायर ओढा आणि आत थोडी ढील ठेवा, नाहीतर फिरवून फिरवून पुन्हा तिथेच तुटेल.

क्रोम नको. दिसायला चकचकीत, पण ते जेमतेम ६०-६५ टक्के उजेड परत फेकतं. व्हॅक्यूममध्ये चढवलेलं ॲल्युमिनियम ८५ च्या वर जातं.

प्रतिसाद

साडेचार इंच म्हणजे पार-३६ मापाचा दिवा. हा आकडा इंचाच्या आठव्या भागांत असतो, छत्तीस भागिले आठ. या मापाचे बारा व्होल्टचे सील्ड बीम येतात, ट्रॅक्टरच्या वर्क लॅम्पलाही हेच माप चालतं. मात्र ट्रॅक्टरवाल्याकडे बहुधा फ्लड मिळेल, त्याचा उजेड पसरतो. लांब झोत हवा तर स्पॉट मागा, ४४०५ नंबरचा, तीस वॉटचा. काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकत्र बंद असल्याने दमटपणाची कटकट संपते, आणि आजोबांचा डबा जागच्या जागी.

पासिंगचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ वाचा. नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट चालत नाही, आणि परवानगीही अपवादात्मक परिस्थितीतच. तेव्हा अर्ज तरी करा, नाहीतर रस्त्यावर नेताना दिवा उतरवून ठेवता येईल असा प्लग आणि ब्रॅकेट करून घ्या. पन्नास वर्षं झाली म्हणून कोणी व्हिंटेज नोंदणी सुचवेल, पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, तुमची बागायतीची खेप बंद होईल. आणखी एक, म्हादई अभयारण्याच्या बाजूला रात्री झोत फिरवू नका. वनखात्याच्या माणसांना तुम्ही गवे हाकलताय की शिकारीला आलाय, हे लांबून कसं कळणार?

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सुटी वायर धरून पाहिली, होल्डरवर ११.९ आले! बिजागऱ्याच निघाल्या. रिले आणि नवीन वायर या रविवारी घालतो. तरी सील्ड बीम घेण्याआधी मूळ रिफ्लेक्टर वाचवून बघायचा आहे. बेळगाव किंवा कोल्हापूरकडे एकच नग व्हॅक्यूम कोटिंग करून देणारं कोणी माहीत आहे का? पणजीत विचारलं तर शंभर नगांची ऑर्डर द्या म्हणतात.