गच्चीवर फुलपाखरं येतात, पण अंडी घालत नाहीत. कोणती देशी झाडं लावू?

गच्ची_कोथरूड
पुण्यात चौथ्या मजल्यावर गच्ची आहे, दुपारी एकपर्यंत ऊन असतं. कुंड्यांत घाणेरी, पेंटास आणि एक कढीपत्ता आहे. फुलपाखरं मध पिऊन निघून जातात. अळ्या, कोश काहीच दिसत नाही. कढीपत्त्यावर दर आठवड्याला निंबोळी अर्क फवारते. देशी झाडं कोणती लावू, आणि केवढ्या कुंडीत?

रानवाट
आधी निंबोळी अर्क बंद करा. त्याने अळीला कात टाकता येत नाही आणि ती मरते. मावा असो की फुलपाखराची अळी, त्याला सगळं सारखंच.

झाड निवडताना फुलांपेक्षा पानांचा विचार करा, कारण मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं कढीपत्त्यावर अंडी घालतात, तेही कोवळ्या पानावर. म्हणून एकाऐवजी तीन कढीपत्ते ठेवा आणि शेंडे आळीपाळीने खुडा, म्हणजे कुठेतरी नवी पालवी असेलच. एकाच झाडावर पाच-सहा अळ्या झाल्या तर पानं संपतात, तेव्हा त्यांना दुसऱ्या कुंडीत हलवता येतं. कुंडी 14 इंची. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. बी लावणार असाल तर पिकलेल्या काळ्या फळाचा गर धुऊन लगेच पेरा, वाळवून ठेवलेलं सहसा उगवत नाही.

घाणेरी मात्र काढाच. ती मूळची अमेरिकेतली. पक्षी तिची फळं खातात आणि बिया टेकड्यांवर पोचतात. तिच्या जागी कोरांटी लावा: फुलांत मध, आणि पानं पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्यांना. शिंजीर (मध पिणारे छोटे पक्षी) यावेत असं वाटत असेल तर 16 इंची कुंडीत धायटी.

टेकडीकर
प्लेन टायगर फुलपाखरासाठी रुई हवी. रस्त्याकडेची मोठी रुई उपटून आणू नका. सोटमूळ तुटतं आणि झाड जगत नाही. म्हातारीसकट उडणारं बी गोळा करून पेरा. मातीत निम्मी वाळू, पाणी बेताचं. कुंडीत पाणी साचलं की मूळ कुजलंच. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, छाटताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. रुईवर पिवळा मावा हमखास येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, पण पानाखाली अंडी नाहीत ना ते आधी बघा.

बहावाही कुंडीत छाटून बुटका ठेवता येतो, त्यावर एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालतात. बियांचं कवच टणक असतं. एक कड काचकागदावर घासून बी रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलंच पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

गच्ची_कोथरूड
धन्यवाद! आज कढीपत्त्याच्या पानावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलंय. धुऊन टाकू का?

रानवाट
थांबा! काडीने हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती लाइम किंवा मॉरमॉनचीच अळी. लहानपणी ती शिटेसारखीच दिसते, शेवटच्या टप्प्यात हिरवी होते. हिरवी अळी एक दिवस अचानक गायब झाली तर शेजारच्या कुंड्यांच्या काड्या आणि कठड्याची खालची बाजू बघा, कोश बहुधा तिथेच असतो. तोवर त्या भागात छाटणी आणि झाडलोट नको.