पॉटलकचा विषय: पारंपरिक अमेरिकन म्हणजे नक्की काय?

प्रेषक: मेधा (कार्यकारिणी)

मंडळी, नमस्कार.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हॉल मिळाला आहे. यंदा आपल्या पॉटलकचा (प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, त्याचा) विषय ‘पारंपरिक अमेरिकन, शाकाहारी’. शीटवर आत्तापर्यंत आलेली नावं: पिझ्झा (तीन घरांतून), बर्गर, मॅक अँड चीज, पास्ता सॅलड आणि ‘व्हेज मांचुरियन चालेल का?’ नाही चालणार. पण मग काय चालेल, हे जाणकारांनी सांगावं. शीट मी बदलून घेते.

प्रेषक: श्रीकांत

मेधा, पिझ्झा इटलीचा. बर्गरच्या नावातच हँबुर्ग. हॉटडॉगचं सॉसेज जर्मन, अ‍ॅपल पाय इंग्लंडची आणि सफरचंद मुळात मध्य आशियातलं. यांचं स्वतःचं असं आहे काय? सगळा उसनवारीचा संसार. त्या मांचुरियनवाल्याला कशाला अडवता?

प्रेषक: सुनंदा

श्रीकांत, उसनं-पासनं मोजायला बसलास तर आधी आपल्या एकादशीचा हिशेब कर. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिथलाच, बटाटा अँडीजच्या डोंगरांतला, मिरची मेक्सिकोच्या बाजूची. जिरं आणि तूप तेवढं जुनं. तरी साबुदाण्याची खिचडी आपली नाही असं तुझ्या आईसमोर म्हणून दाखव. पदार्थ कुठून आला यावर ‘पारंपरिक’ ठरत नाही. त्या मातीत त्याचं काय झालं, ते बघावं लागतं.

आणि इथल्या मातीत पहिला मान मक्याचा. न्यूयॉर्कच्या बाजूचे मूळ रहिवासी हॉडेनोशोनी लोक मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावत आणि त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणत. मक्याच्या ताटावर वेल चढतो, घेवड्यामुळे जमिनीला नत्र मिळतं, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवतात. आपल्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला, डोंगरात, तिथले मूळ रहिवासी चेरोकी लोक आजही बीन ब्रेड करतात. मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून सालं काढायची, दळायचा, त्यात घेवड्याचे शिजवलेले दाणे मिसळायचे आणि मक्याच्या पानांत बांधून उकळायचं. पातोळ्यांचीच तऱ्हा, फक्त गूळ-खोबरं नाही. यात अंडं नाही, लोणी नाही. आपल्या पॉटलकला याहून सोयीचं काय हवं?

ती राख काही चवीपुरती नव्हती. राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यातून काढला की मक्यातलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) अंगी लागतं. गोऱ्यांनी मका घेतला, राख सोडून दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या गरीब घरांत मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढ्यावरच दिवस निघायचे. पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. सगळे जंतू शोधत होते. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथाश्रमांत आणि तुरुंगात निव्वळ आहार बदलून दाखवून दिलं की रोग ताटातला आहे. नेमकं नायसिन हाती लागलं ते १९३७ मध्ये. म्हणून मला या देशाचं ‘स्वतःचं काही नाही’ ऐकवत नाही. होतं ते ऐकून घेतलं नाही, असं म्हण.

दुसरा मान आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. भेंडी आणि चवळी त्यांच्याबरोबर आली. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची भातशेती त्यांच्या कष्टावर आणि कसबावर उभी राहिली. चवळी-भाताचा हॉपिन जॉन इकडे १ जानेवारीला घरोघरी शिजतो, वर्ष भरभराटीचं जावं म्हणून. लुइझियानाच्या गंबो नावाच्या दाट रश्श्यात भेंडी आफ्रिकेची, ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची आणि तेला-लोण्यात परतलेलं पीठ फ्रेंचांचं. याला उसनवारी म्हणायचं असेल तर म्हण बाबा.

प्रेषक: प्रसाद

सुनंदाकाकू, पटलं, पण अर्धंच. मी इथेच वाढलो. माझ्या वर्गमित्रांच्या घरी थँक्सगिव्हिंगला ना बीन ब्रेड असायची ना गंबो. असायचं ते ग्रीन बीन कॅसरोल: फरसबी, मशरूम सूपचा डबा आणि वर तळलेला कांदा. १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी ते बसवलं, डबे खपावेत म्हणून. आज कुणाच्या टेबलावर ते दिसलं नाही तर आजी रुसते. मग हे पारंपरिक नाही?

आणि जुनं म्हणाल तर पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या, प्लिमथच्या इंग्रज वसाहतीतल्या १६२१ च्या जेवणाबद्दल तिथल्याच एडवर्ड विन्स्लोचं पत्र आहे. त्यात शिकार केलेले पक्षी आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं. भोपळ्याच्या पायचा उल्लेख नाही. सुट्टी देशभर ठरली ती लिंकनच्या १८६३ च्या घोषणेनंतर, तीही सारा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. ‘फार पूर्वीपासून’ ही यादवी युद्धाच्या काळातली गोष्ट आहे. माझं मत: दरवर्षी न विचारता जे टेबलावर येतं ते पारंपरिक. कॅसरोल मी आणतो.

प्रेषक: अनघा

कॉर्नब्रेड माझ्याकडे. सूचना एवढीच की इंडियन स्टोअरमधलं ‘कॉर्नफ्लोअर’ कुणी आणू नका, ते सूप दाट करायचं. इथलं कॉर्नमील हवं, रवाळ. बिडाचा खोलगट तवा तेल घालून ओव्हनमध्येच ४२५ अंश फॅरेनहाइटला तापत ठेवायचा आणि ताकात कालवलेलं पीठ त्यात एकदम ओतायचं. चर्र आवाज झाला तरच कड कुरकुरीत होते. नाही झाला तर खुशाल केक म्हणून वाढा. साखर घालणार नाही. साखर घालणं हे उत्तरेचं काम, असं माझी शेजारीण म्हणते आणि तिच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही. अंडं असेल, तशी चिठ्ठी लावीन.

प्रेषक: श्रीकांत

ठीक आहे, हरलो. पण मॅक अँड चीज तरी विलायती ना?

प्रेषक: सुनंदा

विलायतीच. पण ते इथे रुजवणाऱ्यांत जेम्स हेमिंग्जचं नाव घेतात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफर्सनने या आपल्या गुलामाला १७८४ मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. मुक्तता दिली १७९६ मध्ये, तीही जेम्सने स्वतःच्या भावाला स्वयंपाक शिकवून तयार केल्यावर. शीटवर राहू दे मॅक अँड चीज.

प्रेषक: मेधा (कार्यकारिणी)

सर्वांचे आभार. पिझ्झा, बर्गर, पास्ता काढले, कॅसरोल ठेवलं. प्रसाद, डबा घेताना त्यावरची यादी बघ. अजून हवं आहे: हॉपिन जॉन (दोन मोठे ट्रे), भोपळ्याची पाय, रताळ्याचं काहीही. देशात सगळ्यात जास्त रताळी आपल्या नॉर्थ कॅरोलायनात पिकतात, तेव्हा महाग नाहीत.

विकतचं आणणाऱ्यांसाठी: कोलार्डच्या (कोबीच्या जातीची पालेभाजी) भाजीत बहुतेकदा हॅमचं हाड शिजवलेलं असतं, डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये बेकन, काही पायच्या पारीत चरबी. मार्शमेलो आणि जेलो यांत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यांचं). मागच्या वेळी लाल-हिरवा जेलो मुलांनी संपवला आणि नंतर जोशीकाकूंनी डबा वाचला, तो प्रसंग पुन्हा नको.

हॉलला ओव्हन एकच आहे. गरम करायचं असेल त्यांनी पाचच्या आत या.