वेबसाइटवर २२ पानं वाढवली आणि फोन कमी झाले. असं कसं?

मशीनवाले काका, चरई, ठाणे

नमस्कार मंडळी. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. चरईत छोटा गाळा आहे, एकतीस वर्षं झाली. कॉम्प्युटरातलं फार कळत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलीने २०१९ मध्ये वेबसाइट करून दिली. तेव्हा तीनच पानं होती. एक आमच्याबद्दल, एक दरपत्रक, आणि एक मी स्वतः लिहिलेलं, 'मशीन टाके का सोडतं'. पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा गाळ्यात बसून मोबाइलवर एका बोटाने टाइप केलं होतं. निम्म्या वेळा मशीनला काही झालेलंच नसतं. सुई उलटी बसवलेली असते, नाहीतर होजिअरीच्या कापडावर साधी सुई चालवलेली असते. ते सगळं फोटो काढून लिहिलं. एका फोटोत सुईपेक्षा माझा अंगठाच जास्त दिसतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. "काका, गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी." अठरा हजार घेतले आणि २२ पानं वाढवली. कळव्यात शिलाई मशीन दुरुस्ती, खारेगावात शिलाई मशीन दुरुस्ती, मानपाडा, कासारवडवली, मुंब्रा, ऐरोली, घणसोली. मी एकदा बसून वाचली. "कळवा हे वेगाने विकसित होणारे ठिकाण असून येथील नागरिकांना दर्जेदार शिलाई मशीन सेवेची नितांत गरज आहे." पुढे गेलो तर कासारवडवलीलाही तीच नितांत गरज!

२०२४ च्या एप्रिलपासून फोन कमी झाले. आधी वेबसाइट बघून आठवड्याला दहा-बारा यायचे, आता तीन-चार. तो पोरगा फोन उचलत नाही.

पान चांगलं की टाकाऊ हे गुगल ठरवतं कसं? तिकडे कुणी बसून वाचतं का? आणि ही २२ पानं ठेवू की काढू?

ऐरोलीकर

काका, मी नोकरीत हेच काम करते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आपण काही शोधतो तेव्हा गुगल त्या क्षणी जगभर धुंडाळत नाही. त्याचा क्रॉलर, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, आधीच या लिंकवरून त्या लिंकवर फिरत पानं वाचून ठेवतो. मग त्यांची सूची बनते, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी: कुठला शब्द कुठल्या पानावर. आपण 'मशीन टाके सोडतं' टाकलं की सूचीतून पानं निघतात आणि त्यांचा क्रम लागतो. म्हणजे तीन जागी घोळ होऊ शकतो. पान सापडलंच नाही, सापडलं पण सूचीत घेतलं नाही, किंवा घेतलं पण मागे पडलं. सगळे सरसकट "साइट खाली गेली" म्हणतात, पण तिन्हीवर औषध वेगळं.

क्रम कसा लागतो? सुरुवात १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या पेजरँकने झाली. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते वजनदार, आणि वजनदार पानाने दाखवलेलं बोट जास्त मोलाचं. हे कळल्यावर लोक लिंका विकत घ्यायला लागले, पोकळ पानांचे ढीग घालायला लागले. त्यावर २०११ मध्ये गुगलचं पांडा नावाचं अपडेट (सूत्रातला बदल) आलं, ते पोकळ आणि नकललेल्या मजकुरासाठी. २०१२ मध्ये पेंग्विन, ते खोट्या लिंकांसाठी. तुमची २२ पानं पांडाच्या हद्दीतली. गावाचं नाव बदलून काढलेल्या अशा पानांना 'डोअरवे' म्हणतात आणि ती कित्येक वर्षांपासून नियमात बसत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये मोठं कोअर अपडेट, म्हणजे क्रम लावण्याच्या मुख्य सूत्रातला बदल, आलं. ५ मार्चला सुरू झालं, १९ एप्रिलला संपलं. त्याच वेळी स्पॅमचा नियमही कडक झाला: केवळ क्रमवारीसाठी ढिगाने पानं काढणं चालणार नाही, मग ती माणसाने लिहिलेली असोत की एआयने. तुमची तारीख जुळतेय. पण तारीख जुळली म्हणून कारण तेच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. आधी सर्च कन्सोल उघडा, आपली साइट गुगलवर कशी चालते ते मालकाला दाखवणारं गुगलचं साधन. तिथे मागचे १६ महिनेच दिसतात, म्हणून उशीर करू नका.

बसून वाचतं का कुणी? वाचतात, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. गुगलने नेमलेली हजारो माणसं नमुन्यादाखल निकाल तपासून गुण देतात. अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता बघतात. यातला 'अनुभव' डिसेंबर २०२२ मध्ये जोडला. त्यांच्या गुणांनी कुणाचं पान थेट वर-खाली होत नाही. नवं सूत्र नीट चालतंय का, हे तपासायला ते वापरतात. पण तो अंगठ्याचा फोटो काढू नका हं. हाताने काम करणाऱ्याने लिहिलंय हे त्यातूनच कळतं.

आणि गॅरंटीबद्दल. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः लिहून सांगतं.

ग्रोथ_गुरू

काका, कंटेंट-बिंटेंट सोडा. ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंका) आणि मेटा कीवर्ड (पानाच्या कोडात लपलेले शब्द) टाका, महिन्यात फरक दिसेल. मेसेज करा, पॅकेज आहे.

ऐरोलीकर

मेटा कीवर्ड क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तेव्हा हे पॅकेज किती ताजं आहे ते बघा. विकत घेतलेल्या ५०० लिंका आज बहुतेक दुर्लक्षितच होतात, आणि नशीब वाईट असेल तर त्यावर कारवाईही होते. काका, एकदा अठरा हजार गेलेत. पुरे.

निवृत्त डीटीपीवाला, नौपाडा

मी साइट उघडून बघितली. दरपत्रकाच्या पानावर शब्दच नाहीत, नुसतं चित्र आहे. कुठल्यातरी डीटीपीच्या दुकानातून छापून घेतलेलं असणार, कारण मी अशी शेकड्याने केलीत.

काय झालं असेल ते सांगतो. आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये डोळ्याला 'बॉबिन केस' दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्टचं सोंग उतरलं की खाली गिचमिड. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की वाचता येत नाही, म्हणून मग त्याचा जेपीजी करून टाकतात. माणसाचं काम भागतं. पण तुमच्या ३५ ओळींच्या दरपत्रकातला एकही शब्द गुगलच्या हाती धडपणे लागत नाही. मुलीला सांगा, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, पुन्हा टाइप कर. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो, म्हणजे तुमचं एका बोटाचं पान त्या बाबतीत चोख आहे.

अजून एक. सगळी गिऱ्हाइकं मराठीत शोधत नाहीत. आमच्या इमारतीतल्या बायका 'सिलाई मशीन रिपेअर' असं इंग्रजी अक्षरांत टाकतात. दोन्ही भाषांत नीट वाक्यं लिहा. नुसते शब्द कोंबू नका.

मशीनवाले काका, चरई, ठाणे

काल रात्री मुलीबरोबर सर्च कन्सोल उघडलं. आकडे बघून डोकं गरगरलं, पण गंमत आहे.

२२ पैकी १७ पानांपुढे लिहिलंय, 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही'. म्हणजे बघून गेलाय आणि सूचीत घेतलंच नाही! उरलेल्या पाचांना तीन महिन्यांत मिळून दोन क्लिक. त्यातला एक माझाच असणार. माझ्या 'टाके' पानाला तेवढ्याच दिवसांत १९४ क्लिक, पण त्यालाही पूर्वीपेक्षा कमी. मुलगी म्हणते, "बाबा, रद्दीच्या ढिगात चांगली वहीपण गेली." असं होतं का?

आणि ऐरोलीचं पान काढायला जीव होत नाही. तिथे एका कपडे शिवणाऱ्या युनिटमध्ये मी दर गुरुवारी खरंच जातो. ओव्हरलॉकच्या (कापडाची कड शिवणाऱ्या) सात मशीन आहेत त्यांच्याकडे.

ऐरोलीकर

होतं. रँकिंग बरंचसं पानागणिक चालतं, पण अख्ख्या साइटवरून निघणारे अंदाजही त्यात मिसळतात. उपयुक्त मजकुराचं जे वेगळं अपडेट ऑगस्ट २०२२ मध्ये आलं, ते मार्च २०२४ मध्ये मूळ व्यवस्थेतच मुरवलं.

२१ पानं काढा. 'आम्ही कुठे कुठे येतो' असं एक खरं पान करा आणि जुने पत्ते ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) तिकडे वळवा. मुलीला कळेल. ऐरोलीचं ठेवा, पण ती नितांत गरज पुसून गुरुवारचं लिहा. सात ओव्हरलॉक, काय बिघडतं, जाताना काय सोबत नेता.

पण एवढ्याने घोडबंदर रोडवर पहिला नंबर लागेल अशी आशा नको. 'जवळचा मशीनवाला' शोधलं की नकाशाचे निकाल येतात. तिथे मागणीशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ख्याती या तीन गोष्टी चालतात, आणि चरई काही कासारवडवलीजवळ सरकणार नाही. नकाशातली वेळ आणि फोन बरोबर ठेवा, काम झालं की गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगा.

हे केल्यावर दर आठवड्याला खुडबुड करू नका. फरक पडायला महिने लागतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. कधी पडतही नाही.

मशीनवाले काका, चरई, ठाणे

२१ पानं गेली. दरपत्रक मुलगी टाइप करतेय, 'शटल'चं तिने दोनदा 'शटर' केलं.

त्या कन्सोलमध्ये लोकांनी काय शोधलं त्याची यादी पण असते, ते मला माहीत नव्हतं. त्यात 'खालून धागा गुंततो' सगळ्यात जास्त वेळा आहे. माझ्याकडे त्यावर एक ओळ नाही! आता बसलोय लिहायला. लोक बॉबिनला (खालच्या धाग्याच्या रिळाला) दोष देतात आणि बॉबिन केस घेऊन येतात. पण खाली जाळं झालं की बहुतेक वेळा चूक वरच्या धाग्याची असते, तो धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो.

ऐरोलीकर

अहो, आईच्या मशीनचं हेच चाललंय महिनाभर! वरचा धागा काढून पुन्हा ओवून बघते.

मशीनवाले काका, चरई, ठाणे

प्रेशर फूट (कापड दाबणारा पाय) वर उचलून ओवा. खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, धागा आत जात नाही.