कोल्हापुरात देशी बनावटीचा बिडाचा तवा कुठं बघावा? (बजेट १००० रु.)

पेठकर_२२: भाकरी आणि घावन, दोन्हीसाठी बिडाचा तवा घ्यायचाय. इथलाच, नाहीतर निदान भारतात ओतलेला. ऑनलाइन नको, हातात घेऊन बघायचाय. गॅसवरच वापरणार. काय बघून घ्यावा?

सुगरण_राजारामपुरी: हजारात काही येत नाही. आमचा बावीसशेचा, कंपनीनेच तेल मुरवून दिलेला. घ्यायचा तर तसलाच घ्या.

भावा_थांब_जरा: मागं बारकोड बघायचा. ८९० नं सुरू झाला की भारतातला. विषय संपला.

काट्यावर: नाही संपला. ८९० वरून एवढंच कळतं की कंपनीनं नंबर भारतात घेतलाय. बाहेरून आणलेल्या मालावरही तो असू शकतो. बारीक अक्षरं वाचा: 'उत्पादक' म्हणून नाव आणि पूर्ण पत्ता आहे, की नुसतं 'विपणन'? आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदार आणि मूळ देश छापावाच लागतो. महाद्वार रोडला टांगलेल्या तव्याला खोकंच नसतं म्हणा. तिथं विचारायचं आणि पक्कं बिल मागायचं.

मोल्डर_शिरोली: लेबल राहू दे, आधी तवा उलटा करा. वाळूच्या साच्यात ओतलेल्या तव्याची पाठ दाणेदार असते, कडेला कुठंतरी गेट (साच्यात रस शिरायची वाट) तोडून घासल्याची खूण असते. पाठ गुळगुळीत आणि कान रिव्हेटनं बसवलेले असतील तर बहुधा तो पत्र्याचा, बीड म्हणून गळ्यात मारतात.

मग वजन. २६ सेंटिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा तवा कानांसकट दोन किलोच्या वर भरायला हवा. दीड भरला तर पातळ आहे. मधे जळणार, कडेला कच्चं राहणार.

तिसरं, कानाला धरून लोंबता ठेवा आणि बोटाच्या पेरानं वाजवा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. वरच्या बाजूला बारीक भोकं नकोत. काही जण ती लांबीनं (म्हणजे पुटीनं) बुजवून काळा रंग मारतात, तापला की लांबी निघते. ओल्या पांढऱ्या फडक्यानं जोरात पुसा. थोडी काजळी येणारच, पण रंगाचे पापुद्रे निघाले तर ठेवून द्या.

तांबडा_पांढरा: एवढं करण्यापेक्षा नॉनस्टिक घ्या की. सहाशेत काम.

सुगरण_राजारामपुरी: भाकरीला नॉनस्टिक? धन्य. परत सांगते, तेल मुरवलेलाच घ्या.

भावा_थांब_जरा: हे स्थानिक तवे गाड्यांच्या मोडीतून ओततात. पोटात जातं सगळं.

मोल्डर_शिरोली: ओतकामात मोड पडतेच, पिग आयर्नसोबत (भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड). महागड्या तव्यातही पडते. काळजी वरच्या रंगाची करा.

उद्यमनगरी: बूड सपाट आहे का तेही बघा. फरशीवर ठेवून डुगडुगला तर लेथवर फेसिंग मारून (कातून सपाट करून) मिळतं.

काट्यावर: गॅसवर वापरणार म्हणालेत ते. बूड डुगडुगलं म्हणून काय बिघडतंय? इंडक्शन असतं तर गोष्ट वेगळी.

घाणा_तेल: कच्चा, म्हणजे तेल न मुरवलेला तवा घेतलात तर पहिल्यांदा साबण आणि काथ्यानं घासा, कारण गंज लागू नये म्हणून वरून तेल फासलेलं असतं. लगेच गॅसवर कोरडा करा. मग अर्धा चमचा शेंगतेल चोळा आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढा, तेल लावलंच नाही असं वाटेपर्यंत. धूर निघेपर्यंत तापवा, गार करा. असं चार वेळा. चिकट झाला तर तेल जास्त झालं, नाहीतर तवा पुरेसा तापला नाही. टोमॅटो, चिंच महिनाभर लांब ठेवा.

सुगरण_राजारामपुरी: जवसाचं तेल लावतात.

घाणा_तेल: जवसाचा थर कडक होतो, पण जाड बसला तर पापुद्रे सुटतात. शेंगतेल घरात असतंच.

मोल्डर_शिरोली: पेठकर, एक राहिलंच. भाकरी आणि घावन एका तव्यावर नको. भाकरीवर पाणी फिरवताना ओघळ तव्यावर येतो आणि मुरवलेला थर रोज थोडा थोडा जातो. तापलेल्या बिडावर गार पाणी सांडलं तर तडासुद्धा जाईल. भाकरीला ३ मिलिमीटर पत्र्याचा तवा घ्या, बीड घावनाला, आंबोळीला.

उद्यमनगरी: हेच लिहिणार होतो. दोन तवे घ्या.

सुगरण_राजारामपुरी: दोन घ्यायला हजारात कसं बसणार? म्हणून बावीसशेचा.

पेठकर_२२: सर्वांचे आभार. लक्ष्मीपुरीतून कच्चा बिडाचा घेतला, एकच. २ किलो १५० ग्रॅम, ७५० रुपये. भाकरीही त्यावरच होईल. कडेला एक बारीक भोक आहे, त्याचे पन्नास कमी करून घेतले.

मोल्डर_शिरोली: भोक वरच्या बाजूला की पाठीला? आणि वाजवून बघितला का?

पेठकर_२२: वरच्या. वाजवायचं राहिलं.