मॅक्रोतून चालवलेल्या कमांडचं आउटपुट शीटमध्ये कसं आणायचं?

प्रश्न
नमस्कार. ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी एक्सेलच्या शीटमध्ये हवी आहे. यादी रोज बदलते, म्हणून बटण दाबलं की ती ताजी व्हावी. व्हीबीएच्या (एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा) ‘शेल’ फंक्शनमधून ‘सीएमडी /सी डिर /बी /एस’ चालवलं. काळी खिडकी क्षणभर दिसून जाते आणि सेलमध्ये पडतो नुसता एक आकडा, दर वेळी वेगळा. खिडकीतला मजकूर व्हेरिएबलमध्ये कसा पकडायचा?

उत्तर १
तो आकडा टास्क आयडी, म्हणजे सुरू झालेल्या प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक आहे. ‘शेल’ तेवढंच देतं. ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने ‘डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल’ घ्या, ‘.एक्झेक’ने कमांड चालवा आणि ‘.स्टडआउट.रीडऑल’ने तिचं आउटपुट वाचा. एका ओळीचं काम.

उत्तर २
छोट्या आउटपुटला ‘एक्झेक’ ठीक आहे, पण रोज वापरायच्या बटणासाठी मी ते सुचवणार नाही. खिडकी चमकतेच. त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही ‘स्टडआउट’ संपायची वाट बघताय आणि तिकडे एररचे संदेश साचून ‘स्टडएरर’चा, म्हणजे एररच्या वेगळ्या प्रवाहाचा, बफर (तात्पुरती साठवण) भरला, तर कमांड तो रिकामा होईपर्यंत थांबते आणि मॅक्रो कमांडसाठी थांबतो. दोघंही अडकतात, एक्सेल गोठतं. कमांडच्या शेवटी ‘2>&1’ जोडून दोन्ही प्रवाह एकत्र केले की हा फास सुटतो.

माझी पसंती त्याच ‘डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल’च्या ‘.रन’ला. आउटपुट ‘>’ने टेम्प फोल्डरमधल्या फाइलीत वळवा, त्या फाइलीच्या नावानंतर ‘2>&1’ ठेवा. ‘रन’चा दुसरा पॅरामीटर 0 दिला की खिडकी दिसत नाही; तिसरा ‘ट्रू’ दिला की कमांड संपेपर्यंत मॅक्रो थांबतो. हा ‘ट्रू’ विसरू नका, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल वाचाल. पाथमध्ये स्पेस असेल तर तो अवतरणात हवा, आणि व्हीबीएच्या स्ट्रिंगमध्ये ते अवतरण दोनदा लिहावं लागतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

मग ‘स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टमऑब्जेक्ट’च्या ‘ओपनटेक्स्टफाइल’ने फाइल उघडून वाचा, ‘स्प्लिट’ने ‘व्हीबीसीआरएलएफ’वर (ओळ संपल्याची खूण) तोडा, एकेक ओळ एकेका सेलमध्ये.

प्रश्नकर्ती
जमलं, खिडकीही गेली! पण ज्या फाइलींची नावं मराठीत आहेत तिथे नुसती प्रश्नचिन्हं येतात.

उत्तर २
ती एक्सेलने केलेली नाहीत, टेम्प फाइल उघडून बघा, तिथेच दिसतील. सीएमडी साधारणपणे जुन्या कोड पेजमध्ये (मोजक्याच अक्षरांचा ठरावीक संच) लिहितं आणि त्यात देवनागरी बसत नाही. ‘सीएमडी /यू /सी’ असं लिहा. ‘/यू’मुळे ‘डिर’सारख्या अंतर्गत कमांडचं आउटपुट यूटीएफ-16 मध्ये, म्हणजे देवनागरीही बसणाऱ्या पद्धतीत, फाइलीत जातं. वाचतानाही ‘ओपनटेक्स्टफाइल’चा चौथा पॅरामीटर -1 द्या. दोन्ही बदल एकदमच करा. एकच केलात तर यादीचा पार विचका होईल.

बाहेरच्या प्रोग्रॅमला मात्र ‘/यू’ लागू होत नाही. तो यूटीएफ-8 लिहीत असेल तर फाइल ‘एडीओडीबी.स्ट्रीम’ने, ‘चारसेट’ ‘यूटीएफ-8’ ठेवून वाचा.

प्रश्नकर्ती
नावं अगदी जोडाक्षरांसकट नीट आली, मनापासून आभार! एखाद्या दिवशी कमांडच फसली तर मॅक्रोला कळेल का?

उत्तर २
कळेल. ‘रन’ परत देतं तो कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे काम कसं संपलं ते सांगणारा आकडा. तो 0 नसेल तर जुनी यादी पुसू नका, फाइलीतला मजकूर मेसेज बॉक्समध्ये दाखवा; ‘2>&1’मुळे एररही त्यातच असेल. आणि ‘रीडऑल’च्या आधी ‘अ‍ॅटएंडऑफस्ट्रीम’ तपासा, रिकाम्या फाइलीवर ‘रीडऑल’ एरर 62 देतं.