आजोबांची काडतुसं
घरात सापडलेली जुनी काडतुसं ‘गुपचूप गोदावरीत सोडून मोकळे व्हा’ असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो कृपया कुणी मनावर घेऊ नका. त्या पात्रात पोरं डुंबतात हो! आणि पाण्यात पडलं म्हणजे काडतूस निकामी झालंच असं नसतं.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या पेटीत बारा बोअरच्या (नळीचं माप) बंदुकीची १७ काडतुसं निघाली. कागदी नळ्या ओलीने फुगलेल्या, पितळी बुडं कळकून हिरवी. परवाना आजोबांच्या नावाचा, तेव्हा त्यांच्यामागे ती घरात ठेवणं बेकायदाच. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. आम्ही आधी ठाण्यात कळवलं, मग मृत्यूदाखला आणि जुना परवाना जोडून अर्ज दिला. पोच घेताना मात्र नग मोजून त्यावर लिहून घ्या.